पितळेचे पातेले आणि बाळाचे यकृत

आजच्या भाषणाचा विषय आहे यकृताचे रोग, त्यांविषयीचे संशोधन आणि त्यांवरील उपचार. विषय मोठा आहे. तो सगळा एका भाषणात कोंबायचा म्हटले तर तुमच्या हाती काहीच लागायचे नाही. म्हणून मी त्यातला एकच रोग निवडला आहे. हा रोग आपल्या देशातला, आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांनाही चांगला ठाऊक असलेला आणि आज जवळजवळ नाहीसा झालेला आहे. तो कसा होत होता, त्याचे कारण कोणी आणि कसे शोधले, आणि तो गेला कसा, एवढेच आज सांगायचे आहे. रोग गेला असेल तर त्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भाषणाच्या शेवटी येईल.

आधी यकृताची ओळख करून घेऊ. आपल्या बोलण्यात ‘काळीज’ म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो. पण खाटकाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात ती म्हणजे यकृत. ते पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बाजूला, फासळ्यांच्या आड असते. मोठ्या माणसाच्या यकृताचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. घरातली कर्ती बाई जशी आलेले धान्य निवडते, साठवते, लागेल तसे काढून देते आणि केरकचरा बाहेर टाकते, तशीच कामे यकृत करते. आतड्यांतून आलेला अन्नरस पहिल्यांदा यकृतात येतो. तिथे साखर साठवली जाते, रक्ताला लागणारी प्रथिने तयार होतात, विषारी पदार्थांचा बंदोबस्त होतो आणि नको असलेले पदार्थ पित्तात मिसळून आतड्यांत सोडले जातात. हे पित्त बाहेर पडेनासे झाले की त्यातला पिवळा रंग रक्तात चढतो, डोळे पिवळे दिसतात, आणि आपण म्हणतो, कावीळ झाली.

यकृताचा एक मोठा गुण असा की ते झीज भरून काढते. त्याचा बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग वाढून काम उचलतो. पण मार सतत बसत राहिला तर जखमेच्या जागी जसा वण धरतो तसे यकृतात तंतूंचे जाळे धरू लागते. मऊ यकृत कडक होते, आक्रसते, गाठाळ बनते. याला इंग्रजीत सिर्‍होसिस म्हणतात. मोठ्या माणसांत दारू हे याचे एक ठाऊक असलेले कारण आहे. पण एक-दोन वर्षांच्या, अंगावर पिणाऱ्या नाहीतर नुकत्याच रांगू लागलेल्या बाळाचे यकृत असे दगडासारखे का व्हावे? आजची गोष्ट याच प्रश्नाची आहे.

हा रोग ज्यांनी पाहिला आहे ती जुनी माणसे अजून त्याची आठवण काढतात. ‘बाळाला लिव्हर झाले’ असे म्हणत. कोणी त्याला पानथरी म्हणत. पण पानथरी म्हणजे खरे तर प्लीहा, ती डाव्या बाजूला असते. सहा महिन्यांचे झाल्यापासून ते चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना, त्यातही एक ते तीन वर्षे वयात, हा रोग होई. आधी मूल चिडचिडे होई, किरकिर करी, खायला मागत नसे. थोडा थोडा ताप राही. मग पोट फुगलेले दिसू लागे. वैद्याने बोटांनी चाचपले की उजव्या फासळीखाली यकृताची कडा हाताला लागे, ती कडक आणि पानाच्या कडेसारखी धारदार. पुढे डोळे पिवळे होत, पोटात पाणी साठे, हातपाय काडीसारखे होत, आणि काही महिन्यांतच मूल दगावे. एकदा रोग जडला की बहुतेक मुले वाचतच नसत.

त्याहून भयंकर गोष्ट अशी की पहिले मूल गेले त्याच घरात दुसरे मूलही त्याच वयात, त्याच रोगाने जाताना लोकांनी पाहिले. त्या घराला दृष्ट लागली, कुणाची करणी आहे, बाईच्या दुधातच दोष आहे, अशा नाना गोष्टी बोलल्या जात. त्या माउलीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा. अंगारे-धुपारे होत, गंडेदोरे होत, पोटावर तापल्या लोखंडाचे डाग दिले जात. लिव्हरच्या औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या आणल्या जात. पण मूल काही हाती लागत नसे.

डॉक्टरांना हा रोग ठाऊक नव्हता असे नाही. १८८७ साली कलकत्त्याहून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. १९५५ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या यकृतरोगांच्या उपसमितीने बालकांच्या या रोगाचा अहवाल दिला. हिंदुस्थानाबाहेर तो फारसा दिसत नसल्याने डॉक्टरी पुस्तकांत त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिर्‍होसिस’ असेच नाव पडले. म्हणजे नाव मिळाले, वर्णन मिळाले, पण कारण काही मिळेना.

कारणे सुचवणारे पुष्कळ होते. कोणी म्हणे हे कुपोषण आहे. पण हाडकुळ्या, उपाशी मुलांपेक्षा बऱ्या खात्यापित्या घरातल्या मुलांत हा रोग जास्त दिसे. मग कुपोषण कसे म्हणावे? कोणी म्हणे हा काविळीचाच एखादा विषाणू आहे. कोणी शेंगदाण्यावर धरणाऱ्या बुरशीच्या विषाकडे बोट दाखवी. एका घरात दोन-दोन मुले जातात, तेव्हा हा रक्तातूनच येणारा आनुवंशिक रोग असावा, असेही पुष्कळांना वाटे. प्रत्येक तर्काला थोडा आधार होता, आणि कोणताच तर्क शेवटपर्यंत टिकत नव्हता.

आपल्यात म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. या रोगाच्या बाबतीत ती म्हण अक्षरशः खरी ठरली. ती कशी, ते आता सांगतो.

यकृताचा रोग नक्की काय आहे हे कळण्यासाठी डॉक्टर एक बारीक सुई यकृतात घालून त्याचा इवलासा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या मुलांच्या यकृतात जे दिसे ते चमत्कारिक होते. अट्टल दारुड्याच्या यकृतातल्या पेशींत जसे काचेसारखे गोळे दिसतात तसेच गोळे या दुधावरच्या बाळांच्या पेशींत दिसत. दारूचा थेंबही ज्याच्या पोटात गेलेला नाही त्याच्या यकृतात दारुड्याच्या खुणा! याचा अर्थ कोणते तरी विष इथे काम करीत होते.

पेशींतले वेगवेगळे पदार्थ ओळखू यावेत म्हणून त्या तुकड्याला निरनिराळे रंग देतात. त्यांपैकी ऑर्सीन नावाचा एक रंग आहे. तो मूळचा आपल्या मसाल्यातल्या दगडफुलासारख्या जिनसांपासून काढलेला. १९७८-७९ च्या सुमारास संशोधकांनी या रोगाच्या तुकड्यांना ऑर्सीन लावून पाहिले, तेव्हा पेशी गडद तपकिरी, जाड्याभरड्या कणांनी खच्चून भरलेल्या दिसल्या. हे कण तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे असतात. मग तुकड्यातले तांबे मोजले. निरोगी यकृताच्या सुक्या वजनाच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त तांबे नसते. या मुलांच्या यकृतात ते शेकड्यांनी, कित्येकदा हजारांनी भरले. कळशी सापडण्याच्या वाटेवरचे हे पहिले पाऊल होते.

पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. तांबे साठले म्हणून यकृत बिघडले, की यकृत बिघडले म्हणून तांबे साठले? मोरी तुंबली की पाणी तुंबते. तसे पित्ताची वाट बंद झाली तरी तांबे साठतेच. शिवाय विल्सनचा रोग म्हणून तांबे साठण्याचा एक आनुवंशिक रोग १९१२ सालापासून माहीत होता. हाही त्याचाच प्रकार नसेल ना? तपासणीत तसे दिसले नाही. रक्तात तांबे वाहून नेणारे जे प्रथिन विल्सनच्या रोगात बहुधा कमी असते, ते या मुलांत कमी नव्हते. मग हे तांबे आले कुठून?

इथे पुण्याचे नाव येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांच्याकडे ही मुले खेड्यापाड्यांतून येत असत. त्यांनी आणि इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मिळून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी प्रयोगशाळेतल्या यंत्रांबरोबर आणखी एक साधन वापरले. ते म्हणजे आईला विचारलेले साधे प्रश्न. बाळाला अंगावर किती दिवस पाजले? वरचे दूध कधी सुरू केले? दूध कशात तापवता? तापवल्यावर कशात ठेवता?

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ही रीत जरा नीट ध्यानात घ्यावी, कारण शास्त्रीय विचार म्हणजे काय हे मुलांना शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळायचे नाही. नुसत्या आजारी मुलांच्या आयांना विचारून भागत नाही. समजा, आजारी मुलांच्या घरी पितळेचे भांडे सापडले. पण तसे भांडे त्या काळी कोणाच्या घरी नव्हते? म्हणून प्रत्येक आजारी मुलामागे त्याच वयाचे, तशाच परिस्थितीतले एक निरोगी मूल जोडीला घ्यायचे आणि दोन्ही आयांना तेच प्रश्न विचारायचे. मग दोघांच्या उत्तरांत जिथे फरक पडतो तिथे कारण दडलेले असण्याचा संभव. एवढेच हे तंत्र आहे, पण ते चिकाटीने आणि प्रामाणिकपणे वापरावे लागते.

फरक पडला तो असा. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर, कित्येकदा पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झालेले होते. आणि ते गाईचे किंवा म्हशीचे दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, त्यातच ठेवलेले असे. जोडीच्या निरोगी मुलांत असे कमी आढळले. १९८३ साली या मंडळींनी ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात निबंध लिहून सांगितले की, तांबे उतरलेले वरचे दूध लहान वयात पाजणे हे या रोगाचे कारण असावे. पुढे १९८७ साली जोड्यांचा अधिक सविस्तर अभ्यासही त्यांनी प्रसिद्ध केला.

मायबहिणींनो, पितळ आणि तांबे अन्नाला लागते ही गोष्ट तुम्हांला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक आहे. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, हे कोणत्या आजीने सांगितले नाही? म्हणून तर पूर्वी कल्हईवाला दारावर आला की घरातली भांडी बाहेर निघत. तो भाता चालवून भांडे तापवी, नवसागर टाकी, कथिलाची कांडी फिरवी आणि चिंधीने पुसून काढी की पिवळे भांडे आतून चांदीसारखे होई. त्या पातळशा कथिलाने तांबे आणि अन्न यांत पडदा धरला जाई. पितळेत सुमारे दोन वाटे तांबे आणि एक वाटा जस्त असते. पडदा झिजला की तांबे उघडे पडते.

पण इथे एक खोच आहे. आंबट पदार्थ कळकतो आणि त्याची चव बिघडते, म्हणून तो आपण टाकून देतो. दूध आंबट नाही; ते कळकल्याचे जिभेला कळत नाही. म्हणून पितळी चरवीत दूध ठेवायला कुणाला भीती वाटली नाही. पण दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. दूध नासले की चोथा वेगळा होतो तो मुख्यतः याच केसीनचा. हे केसीन तांब्याला घट्ट धरून ठेवते. उकळताना आणि मग तासन्‌तास त्याच भांड्यात राहिल्याने दूध पितळेतून तांबे उचलत राहते. पितळेच्या भांड्यातल्या दुधावर पुढे प्रयोगशाळेत प्रयोग झाले, त्यांतही हेच दिसून आले.

मग एवढे तांबे पोटात गेले तर मोठ्या माणसांना का काही झाले नाही? तांबे हे काही निव्वळ विष नाही. शरीराला ते थोडेसे लागतेच. मोठ्या माणसाचे यकृत लागेल तेवढे ठेवते आणि जास्तीचे पित्तातून बाहेर टाकते. नवजात बाळाची गोष्ट वेगळी. एक तर जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. दुसरे, पित्तातून ते बाहेर टाकण्याची शक्ती अजून पुरी आलेली नसते. आणि तिसरे, मोठा माणूस दहा जिन्नस खातो, पण बाळाचा सगळा आहार म्हणजे दूध. दर वेळच्या बोंडल्याबरोबर थोडे थोडे तांबे आत जाते आणि बाहेर पडायला वाट नसते. आईच्या दुधात तांबे अगदी बेताचे असते. निसर्गाने केलेला हिशेब बरोबर होता. भांड्याने तो चुकवला.

आता त्या घरातले दुसरे मूलही का जाई, याचा उलगडा होतो. त्याच चुलीवर, त्याच भांड्यात, त्याच पद्धतीने दुसऱ्याचेही दूध तापत होते. बऱ्या स्थितीतल्या घरांत रोग जास्त का, हेही कळते. वरचे दूध विकत घेण्याची ऐपत तिथे होती. त्या माउलीच्या दुधात दोष नव्हता. उलट तेच दूध आणखी काही महिने मिळाले असते तर बाळाचा बचाव झाला असता.

अर्थात, पितळेच्या भांड्यातले दूध लाखो मुले प्यायली आणि त्यांतल्या थोड्यांनाच हा रोग झाला, हेही खरे आहे. म्हणून काही मुलांत तांबे न सोसण्याचा जन्मजात कमकुवतपणा असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. उत्तर हिंदुस्थानातल्या काही डॉक्टरांना अशीही मुले आढळली की ज्यांच्या घरी तांब्यापितळेचे भांडे दुधाला वापरल्याचे निघाले नाही. त्यामुळे वाद झाला, आणि शास्त्रात वाद होणे चांगलेच असते.

या वादावर प्रकाश टाकणारी एक हकीकत दूर युरोपातून आली. ऑस्ट्रिया देशात टिरोल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबांत १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अगदी अशाच यकृतरोगाने दगावल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. तिथेही गाईचे दूध तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत उकळून बाळांना देण्याची चाल होती. तिथेही रोग काही ठरावीक कुळांत दिसे, म्हणजे रक्तातला कमकुवतपणा आणि भांड्यातले तांबे, दोन्ही एकत्र आले की घात होई. आणि नव्या धातूची भांडी आली तेव्हा तो रोग तिथून नाहीसा झाला. हिंदुस्थानाच्या नावावर मांडलेला रोग हिंदुस्थानाचा नव्हता. तो भांड्याचा होता.

आता उपचारांकडे वळू. कारण कळले म्हणजे पुढची मुले वाचतात, पण आज जे मूल आजारी आहे त्याचे काय? १९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी विल्सनच्या रोगासाठी पेनिसिलामीन हे औषध वापरात आणले होते. हे औषध शरीरातल्या तांब्याला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते. पुण्याच्या मंडळींनी हेच औषध या मुलांना देऊन पाहिले आणि त्याचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध केले. ज्यांचा रोग फार पुढे गेला होता, काविळीने आणि पोटातल्या पाण्याने जी घेरली होती, त्यांतली पुष्कळ मुले औषधानेही वाचली नाहीत. पण ज्यांना लवकर औषध मिळाले त्यांतली कित्येक वाचली. जिथे पूर्वी जवळजवळ सगळीच जात, तिथे ही गोष्ट लहान नव्हे. १९९६ साली या वाचलेल्या मुलांची पुढच्या अनेक वर्षांची हकीकत प्रसिद्ध झाली. औषध पुढे बंद केल्यावरही ती चांगली राहिली, आणि काहींच्या यकृताचे तुकडे पुन्हा तपासले तेव्हा वणाची खूण जवळजवळ पुसली गेल्याचे दिसले. सिर्‍होसिस झालेले यकृत पुन्हा कधीच सुधारत नाही, असे पूर्वी सरसकट समजत. लहान मुलांच्या यकृताने ते खोटे पाडले.

मात्र या रोगाचा खरा पाडाव औषधाने केला नाही, तो स्वयंपाकघरात झाला. आईला एवढेच सांगायचे होते: अंगावर पाज, आणि वरचे दूध द्यावेच लागले तर ते तांब्यापितळेत तापवू नको, ठेवू नको. ज्या घरात एक मूल गेले होते त्या घरांना तर हा सल्ला आवर्जून दिला गेला. त्याच सुमारास स्टेनलेस स्टीलची आणि अॅल्युमिनियमची भांडी खेड्यापर्यंत पोचली. लोकांनी ती रोगाच्या भीतीने घेतली असे नाही. ती हलकी, स्वस्त, घासायला सोपी आणि कल्हईचा खर्च वाचवणारी म्हणून घेतली. पितळेची भांडी मोडीत गेली, आणि १९९० नंतर हा रोग इतका दुर्मीळ झाला की आजच्या पुष्कळ तरुण डॉक्टरांनी त्याचा एकही रोगी पाहिलेला नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. गेलेल्या रोगाची गोष्ट आज का सांगायची? कारण ती भांडी परत येत आहेत. जुने ते सोने म्हणून, आरोग्याला चांगले म्हणून, तांब्याची आणि पितळेची भांडी हल्ली पुन्हा हौसेने घेतली जात आहेत. मोठ्या माणसाने तांब्याच्या स्वच्छ कळशीत भरून ठेवलेले पाणी प्यावे, याला माझी हरकत नाही. पण कल्हईवाला मात्र त्या भांड्यांबरोबर परत आलेला नाही. पुष्कळ गावांतून तो केव्हाच दिसेनासा झाला. आणि ज्या पिढीने बाळांना ‘लिव्हर’ होताना पाहिले ती पिढीही आता थकली आहे. भांडे आले आणि आठवण गेली, असे व्हायला नको.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीदेखील नको. वरचे दूध द्यायची वेळ आलीच तर ते स्टीलच्या भांड्यात तापवावे, ठेवावे आणि स्टीलच्याच वाटी-चमच्याने पाजावे. बाळाच्या दुधात घालायचे किंवा बाळाला पाजायचे पाणी तांब्याच्या भांड्यात साठवलेले नसावे. पितळी भांडे स्वयंपाकाला वापरायचेच असेल तर त्याला शाबूत कल्हई हवी, आणि आंबट पदार्थ व दूध त्यात ठेवू नये.

कावीळ आणि यकृत यांविषयी आणखी चार शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ होते आणि बहुधा ती आपोआप जाते. पण डोळे फार पिवळे दिसले, पिवळेपणा हातापायांपर्यंत उतरला किंवा बाळ दूध ओढीनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली, आणि त्यातून बाळाची शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी होत असेल, तर ‘होईल बरे’ म्हणत बसू नये. पित्ताच्या नळ्या बंद असण्याची ती खूण असू शकते. १९५९ साली जपानच्या डॉ. कासाई यांनी यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती बाळ दोन महिन्यांचे होण्याच्या आत झाली तर यश येण्याचा संभव जास्त असतो. तिथे एकेक आठवडा मोलाचा. तीन-चार वर्षांपुढच्या मुलाला वारंवार कावीळ होत असेल तर विल्सनच्या रोगाची तपासणी करून घ्यावी, कारण त्यावर औषध आहे, फक्त ते जन्मभर घ्यावे लागते. आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत टोचून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. कावीळ झाली म्हणून बाळाच्या पोटावर डाग मात्र कोणी देऊ नये. त्याने यकृताला काही होत नाही, बाळाला मात्र जखम होते आणि दवाखान्यात जायचा वेळ फुकट जातो.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात एका तांब्याच्या जुन्या वाटीत थोडे ताक घालून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा आणि तसेच ताक स्टीलच्या वाटीतही ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलांना दोन्ही दाखवा. चाखायला मात्र देऊ नका. कोणत्या वाटीतल्या ताकाला हिरवट झाक आली, ती कुठून आली, हे मुलांनाच विचारा. मग त्यांना सांगा की आंबट ताकात हे डोळ्यांना दिसते, दुधात ते दिसत नाही. आणि न दिसणारी गोष्ट शोधून काढण्यासाठी कोणीतरी आजारी मुलाच्या आईजवळ बसून, तू दूध कशात तापवतेस, असे विचारावे लागले. ती मुले घरी जाऊन हे सांगतील, आणि ज्या घरात नुकते बाळ जन्मले आहे तिथे हा निरोप वेळेवर पोचेल.

श्रोतेहो, ज्या घरांनी एकामागून एक मुले गमावली त्यांना आपल्या हातून काय घडते आहे हे कळायला मार्ग नव्हता. आपल्याला तो मार्ग आता माहीत झाला आहे. आज घरी बाळ असेल तर एकदा उठून त्याच्या दुधाचे भांडे कोणते आहे ते पाहा. एवढे केलेत तरी या भाषणाचे काम झाले.